वरणातला उजेड

८ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे. दुसऱ्या कोणी वाचावी असा हेतू नाही. तरीही अक्षर नीट काढायचं ठरवलं आहे. न जाणो.

आज गावातच, जानेफळला, रंगरावच्या थोरल्या मुलीचं, पूनमचं लग्न. अक्षता पडल्यावर आशीर्वादपर दोन शब्द बोलायचा मला आग्रह झाला. म्हणजे मी माईकजवळ उभा होतो आणि कोणी अडवलं नाही. बोललो. विषय: कुटुंबसंस्था, ज्वारीचं घटतं क्षेत्र, फ्रेंच राज्यक्रांती आणि सुनेचं शिक्षण. थोडक्यात आवरलं. आमच्या सौ.चं, म्हणजे कोकिळेचं मत वेगळं. ती म्हणते, "तुमी बोलाले उभे राह्यले तवा नवरदेवाची दाढी गुळगुळीत होती."

भाषणानंतर अभिनंदन करायला लोक येतील म्हणून स्टेजजवळ थांबलो. सगळे जेवणाकडे धावले. शेवटच्या पंगतीत बसलो. वरण पातळ. इतकं पातळ की स्टीलच्या ताटाच्या तळाशी कोरलेलं भांडी देणाऱ्याचं नाव मला चष्म्याशिवाय वाचता आलं.

आचारी दीपकला बोलावून जाब विचारला. तो म्हणाला, "भाऊ, तुमचं भाषण वाढलं, लोकायची भूक वाढली. पयल्याच पंगतीनं दुप्पट वरण ओरपलं. म्हून मी पाणी वाढोलं."

स्वतःच्या चोरीचं खापर वक्तृत्वावर! रक्त उसळलं. तसाच माईककडे गेलो. गर्जना केली: या वरणात डाळ नाही! येत्या २८ तारखेला, विज्ञान दिनी, शाळेच्या हॉलमध्ये मी हे विज्ञानानं सिद्ध करीन. नाही केलं, तर पुढच्या विज्ञान दिनापर्यंत माईकला हात लावणार नाही!

टाळ्यांचा असा कडकडाट मी आयुष्यात ऐकला नव्हता. कोकिळेचं म्हणणं, टाळ्या शेवटच्या वाक्याला पडल्या.

कसं सिद्ध करायचं ते अजून ठरलेलं नाही. आधी प्रतिज्ञा. तपशील मागून येतो.

९ फेब्रुवारी

सकाळीच दीपक दारात. हात जोडून. म्हणाला, वडनेर भोलजीचे एक पाहुणे काल पंगतीत होते, त्यांनी लग्नाची ऑर्डर फिरवली. "भाऊ, ऐन सीजन हाये. माहं नाव खराब झालं त पुरा उन्हाळा मी काय करू?"

मी समजावलं की माझा राग व्यक्तीवर नाही, प्रवृत्तीवर आहे. यावर तो म्हणाला, प्रवृत्तीले ऑर्डर भेटत नाई, मले भेटते.

कोकिळेनं त्याला चहा दिला. वर दोन लाडू. माझ्याच घरात, माझ्याच समोर, माझ्याच वाट्याचे.

११ फेब्रुवारी

मार्ग सापडला! माझी पुतणी अश्विनी तालुक्याच्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. तिचं संशोधनच मुळी प्रथिनांवर. प्रथिन म्हणजे प्रोटीन. डाळीत असतं, पाण्यात नसतं. म्हणजे वरणात प्रथिन सापडलं नाही तर डाळ नाही. खटला संपला.

आज एसटीनं तिची लॅब गाठली. तिनं दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत दुधाचा एक थेंब घातलेलं पाणी. दोन्हींत एक रंगद्रव्य टाकलं. अंधार केला आणि जांभळा दिवा लावला. पाण्याची नळी मुकी. दुधाची नळी चमकली! निळसर, शांत, आतून पेटल्यासारखी. अश्विनी म्हणाली, हे द्रव्य पाण्यात एकटं असताना जवळपास विझलेलं असतं, प्रथिनाला चिकटलं की उजळतं.

मी नळी डोळ्यांजवळ धरून पाहिली. मग भानावर येऊन बोललो. वक्त्याचं काम दुसरं काय? शब्द श्रोत्याला चिकटतो आणि श्रोता उजळतो! लॅबमधल्या मुलींपुढे हा विचार विस्तारानं मांडला. त्यांना प्रॅक्टिकल होतं, तरी त्या थांबल्या. दारात मी उभा होतो.

१२ फेब्रुवारी

पुन्हा लॅब. मी विचारलं, हे प्रथिन तुरीच्याच डाळीचं आहे हे कसं ओळखायचं? अश्विनीला प्रश्न आवडला. म्हणाली, "मोठे बाबा, मिरवणुकीत गुलाल सगळ्यायले लागते. कालचं द्रव्य गुलालासारखं. कोनतंबी प्रथिन दिसलं की चिकटलं. पण आहेर कराचा तवा आपण नाव पुकारतो, अन् त्याच नावाचा मानूस उठते. तसे काही रेणू एकाच प्रथिनाले ओळखतात. त्यायच्या पाठीवर चमकनारा रंग बांधाचा, मंग तेवढंच प्रथिन उठून उभं राह्यते."

उत्तम उपमा. भाषणात माझी म्हणून वापरावी.

मग मात्र तिनं एक कटकट सुरू केली. कंट्रोल. म्हणजे प्रत्येक प्रयोगात एक कोरा नमुना ठेवायचा. सगळं तसंच, फक्त जी गोष्ट तपासायची तेवढी काढून घ्यायची, आणि काय होतं ते पाहायचं. त्याशिवाय निकालाला अर्थ नाही म्हणे.

मी सांगितलं की मला खात्री आहे. ती म्हणाली, खात्री असते त्यालाच कंट्रोलची जास्त गरज असते. शिकलेल्या मुली फार बोलतात. कोणावर गेली कळत नाही.

द्रव्य महाग आहे आणि जपून वापरायचं असतं, म्हणून ते घेऊन ती स्वतः २८ ला येणार. मी तोवर सराव करायचा नाही, अशी सूचना. मान डोलावली.

१३ फेब्रुवारी

सरावासाठी मेहकरहून जांभळ्या उजेडाची टॉर्च आणली. दुकानदार खोट्या नोटा ओळखायला विकतो. मी खोटं वरण ओळखणार.

संकल्प:
पहाटे पाचला उठणे.
गुळण्या, ज्येष्ठमध.
प्रथिनांवरचा जाड इंग्रजी ग्रंथ अश्विनीकडून आणला आहे, तो संपवणे.
भाषण वीस मिनिटांत बसवणे.

१४ फेब्रुवारी

सकाळी साडेआठला उठलो. थंडी होती. ग्रंथाची प्रस्तावना वाचली. लेखकानं पत्नीचे आभार मानले आहेत. एवढ्यावरून माणूस कळतो. पुढचं वाचायची गरज वाटली नाही.

१५ फेब्रुवारी

आजचा दिवस इतिहासात जाईल.

दार-खिडक्या लावून स्वयंपाकघरात आमच्या घरच्या वरणावर टॉर्च मारली. द्रव्य टाकलेलं नसताना वरण चमकलं! हिरवट-पिवळं, लखलखीत. आमच्या वरणात प्रथिन इतकं आहे की त्याला द्रव्याची गरजच नाही. अश्विनीनं एवढी वर्षं संशोधन केलं आणि हे तिच्या नजरेतून सुटलं. घाईच्या पिढीचं असंच होतं.

मग दिवसभर प्रयोग. निष्कर्ष असे.

अंड्याचा पांढरा बलक: काळोख. म्हणजे अंड्यात प्रथिन नाही. जग फसवलं गेलं आहे.

माझा धुतलेला बनियन: झगझगीत. कापसात प्रथिन. आपल्या शेतकऱ्याला हे कोणी सांगितलंच नाही.

गोठ्याच्या भिंतीवरचा विंचू: अहाहा! हिरवा कंदील पेटावा तसा. विंचवात प्रथिन ठासून भरलेलं आहे. जवळून पाहताना थोडा प्रसंग ओढवला. तपशील लिहीत नाही. पाय पाण्यात ठेवून लिहितो आहे.

कोकिळेचे हात: दोन्ही तळवे पिवळे उजळले. ती सकाळपासून पाट्यावर काहीतरी वाटत होती. संसाराला इतकी वर्षं झाली, पण या बाईच्या हातात एवढं प्रथिन आहे हे लक्षात आलं नव्हतं. तिला सांगितलं. ती म्हणाली, "हळद हाये ते. अन् विंचू चावल्यावर मानसानं गप पडून राहावं."

१६ फेब्रुवारी

अश्विनीला शोध कळवला. तिनं सगळी यादी पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाली, "मोठे बाबा, हळद सोताच चमकते. तिले कोनतं प्रथिन लागत नाई. कपडा चमकते तो धुण्याच्या पावडरीनं. विंचवाची त चामडीच तशी. टॉर्च काई प्रथिन दाखवत नाई, द्रव्य दाखवते. तुमी कोरा नमुना घेऊन पाहा ना. तसंच वरण करा, फक्त डाळ टाकू नका."

मोठ्या मनानं ऐकलं. कोकिळेला म्हटलं, डाळ न घालता वरण कर.

कोकिळा म्हणाली, "बिगर डाळीचं वरण? त्याच्याच नावानं त तुमी दीपकले बोंबलून राह्यले ना?"

प्रयोग रद्द. ज्याच्याकडे सत्य आहे त्याला कंट्रोल कशाला? सूर्य उगवताना शेजारी कोरा सूर्य ठेवतो का? (हे वाक्य भाषणात घ्यायचं.)

१९ फेब्रुवारी

हायस्कूलचे मुख्याध्यापक धम्मरत्न सर घरी आले. विज्ञान दिनाचे आयोजक तेच. फार सौम्य माणूस. म्हणाले, भाऊ, दीपक गरीब आहे, तुम्ही वडीलधारे आहात, नुसतं दुधाचं आणि अंड्याचं प्रात्यक्षिक अश्विनी मॅडमनं दाखवावं, मुलांना आनंद होईल, वरणाचा विषय चहावर मिटवून टाकू.

मी विचारलं, सर, तत्त्व चहात विरघळतं का?

सर म्हणाले, "भाऊ, तत्त्वाचं नाही, मला वेळेचं टेन्शन आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही विज्ञान दिनाला बोललात. दुसऱ्या दिवशी मराठी भाषा दिन असता तर आपण तोही साजरा करून घेतला असता."

मी सांगितलं की मराठी भाषा दिन आदल्या दिवशी असतो. ते म्हणाले, "तेच. म्हणून हुकला."

बराच वेळ विचार केला. ही स्तुतीच असावी.

२२ फेब्रुवारी

भाषण लिहून झालं. एकेचाळीस पानं. वीस मिनिटांत बसेल. जलद बोलावं लागेल.

फलक रंगवून घेतला. पांढऱ्यावर तांबडी अक्षरं: "जे चमकते तेच प्रथिन!" चार शब्दांत सगळं विज्ञान. अश्विनीला फोटो पाठवला. तिनं उत्तरात फक्त डोक्याला हात लावलेलं चित्र पाठवलं. विचारात पडली असणार.

गोठ्यात तालीम केली. म्हैस शेवटपर्यंत उभी होती. (बांधलेली होती, पण तिची तक्रार दिसली नाही.)

२५ फेब्रुवारी

दीपक पुन्हा आला. आवाज उतरलेला. म्हणाला, अजून एक ऑर्डर डळमळली आहे. २८ ला तो स्वतः वरण करून आणील, पूनमच्या लग्नात केलं होतं तसंच, पाणी घातलेलं. "लपवाचं काय? पातळ होतं त पातळ होतं. पण डाळ होती, भाऊ. मी आपल्या हातानं धुतली."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वरणात घालायचं शिल्लक राहिलं असेल. हा विनोद मला सुचला, पण का कोण जाणे, कोकिळेसमोर मोठ्यानं म्हणवला नाही.

२७ फेब्रुवारी

पांढरा कुर्ता कोकिळेला धुवायला दिला. सांगितलं, गावात कोणाचा नसेल इतका पांढरा झाला पाहिजे. पावडर हात राखून घालू नको. तिनं तीनदा धुतला. लुंगी, टोपी आणि खांद्यावरचं उपरणंही. उद्या मी उजेडासारखा दिसणार.

२८ फेब्रुवारी, सकाळी

पाचला उठलो! घसा मोकळा. आकाश मोकळं. आज दुपारनंतर जानेफळच्या पंगतीत नवं युग. अश्विनीचा फोन, बस चुकली, थोडा उशीर होईल, तोपर्यंत काही करू नका. हो म्हटलं. इतिहास बसची वाट पाहत नसतो.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. कारण बाहेर विपर्यास सुरू झाला आहे.

हॉल खच्चून भरलेला. खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केलेला. टेबलावर दोन पातेली. एक आमच्या घरचं घट्ट वरण, एक दीपकचं. मागे माझा फलक. मी सुरुवात केली. गुलाल आणि आहेराची उपमा पडली. कोरा सूर्य पडला. मी पाचव्या पानावर होतो तेव्हा लाईट गेली. माईक मेला. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंधारात चेहरे दिसले नाहीत, नाहीतर नोंदवून ठेवले असते.

मी डगमगलो नाही. अंधार हवाच होता. टॉर्च पेटवली. प्रथम आमच्या घरचं वरण. चमकलं! हॉलमध्ये "ओऽऽ" झालं. मी ओरडलो: हे पाहा प्रथिन! हे पाहा सत्य! आता पाहा असत्य! आणि टॉर्च दीपकच्या वरणावर धरली.

दीपकचं वरण दुप्पट चमकलं.

पुढची मुलं उठून उभी राहिली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, दीपकच्या वरणात त तुमच्यापेक्षा डबल प्रोटीन हाये!" दीपक स्वतःच थक्क. मी त्याला दरडावलं, यात काय घातलंस? तो भाबडेपणानं म्हणाला, "पातळ वरण फिकं दिसते, भाऊ. म्हून अशा टायमाले हळद थोडी जास्त अन् तेलाची फोडणी दणकून देतो."

मी तत्काळ म्हणालो, ऐका! ही हळद आहे! हळद स्वतःच चमकते! तिला प्रथिन लागत नाही! चमकणं म्हणजे प्रथिन नव्हे!

हे बोलताना टॉर्च हवेत फिरली आणि तिचा झोत नेमका माझ्याच फलकावर पडला. "जे चमकते तेच प्रथिन!" सगळ्या हॉलनं एका सुरात मोठ्यानं वाचलं. शाळेत वाचन चांगलं घेतात, हे मान्य करावं लागेल.

मी फलक झाकायला धावलो. टॉर्च हातातून निसटली, टेबलावर पडली आणि झोत माझ्याकडे वळला. त्यानंतरचं मला दिसलं नाही, कारण मी स्वतःच होतो. पण सर्वांचं म्हणणं एकच आहे. अंधारात माणूस दिसत नव्हता. फक्त एक कुर्ता, एक लुंगी, एक टोपी आणि दात. निळेशार पेटलेले. आणि ते सगळं मोठ्यानं "चमकण्यावर जाऊ नका" असं ओरडत होतं.

सिंधूताई, आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष, पुढच्याच रांगेत होत्या. त्या उठून म्हणाल्या, "मंग वरण कायले करता? उकंडभाऊलेच शिजवा ना, पुऱ्या गावाले पुरतीन!"

हसणं थांबेना. त्यातच अश्विनी पोचली. तिनं मोबाईलच्या उजेडात पहिल्यांदा काय केलं असेल, तर एक कोरी नळी घेतली. पाणी, हळद, तेलाची फोडणी. डाळ नाही. टॉर्चखाली धरली. चमकली. म्हणाली, "म्हून आपण आधी हे पाहातो." मग कोरी डाळ आमच्या घरून मागवली, शाळेच्या खिचडीच्या चुलीवर हळद न घालता शिजवली, दीपकच्या प्रमाणानं पाणी घातलं, द्रव्य टाकलं. निळी उजळली. कमी, पण उजळली. दीपकच्या वरणाबद्दल ती एवढंच म्हणाली की हळद असताना या द्रव्यानं काहीच सांगता येत नाही, पण एवढं पाणी घातल्यावरही डाळ असेल तर लपत नाही, आणि मोठ्या बाबांच्या टॉर्चनं तर कोणाचंच काही सिद्ध होत नाही.

धम्मरत्न सरांनी सौम्यपणे विचारलं, "म्हणजे भाऊ, सिद्ध झालं नाही?"

लाईट आली. माईक जिवंत झाला. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

मी शब्दाचा माणूस आहे. हात मागे घेतला.

ही टाळी तर लग्नातल्या टाळीपेक्षाही मोठी होती.

१ मार्च

मौनाचा पहिला दिवस. गाव सुन्न झालं असणार. बाहेर चौकात हसण्याचे आवाज आले, ते दुःख लपवण्याचे असावेत.

कोकिळा म्हणाली, "मौन काहाचं? सकाळपासून त बोलूनच राह्यले." मी स्पष्ट केलं की हे सार्वजनिक मौन आहे. ती म्हणाली, त्यापेक्षा घरगुती बरं पडलं असतं.

७ मार्च

प्रतिज्ञेचा बारकाईनं अभ्यास केला. मी म्हणालो होतो, माईकला हात लावणार नाही. माईक स्टँडवर असला तर? हात लागतोच कुठे? धम्मरत्न सरांना विचारलं. ते थोडा विचार करून म्हणाले, "भाऊ, विजेच्या तारेलाही आपण हात लावत नाही. पण म्हणून तोंड लावतो का?"

शिक्षकी पेशा माणसाला हजरजबाबी करतो. वाईट.

१२ मार्च

आठवडी बाजारात माईकशिवाय बोलून पाहिलं. विषय: विज्ञान आणि गर्दीची मानसिकता. सुरुवातीला बरेच लोक जवळ होते. नंतर कळलं, मी कांद्याच्या ढिगासमोर उभा होतो. बाई म्हणाली, "भाऊ, सरका थोडे, गिऱ्हाईकाले कांदे दिसून नाई राह्यले."

संकल्प: शिष्टमंडळ येऊन विनवेपर्यंत न बोलणे. येईलच. महिनाभर फार तर.

३० मार्च

शिष्टमंडळ आलं! वाचनालयाचे सगळे पदाधिकारी. मी कुर्ता घालून बसलो. पण ते बोलण्याची विनंती करायला नव्हते आले. वर्धापन दिनाचं अध्यक्षपद घ्या म्हणाले. मी आठवण करून दिली की मी बोलू शकत नाही. ते एकमेकांकडे पाहून म्हणाले, "हाव ना. म्हून त आलो."

गहिवरलो. माणसाच्या नुसत्या उपस्थितीचं मोल लोकांना आता कळतं आहे.

१८ एप्रिल

वाचनालय, पतसंस्थेची सभा, क्रिकेट सामन्यांचं बक्षीस वितरण, देऊळगाव राजाच्या व्यापाऱ्यांचा सत्कार. चारही ठिकाणी अध्यक्ष मीच. इतकी आमंत्रणं मी बोलत होतो तेव्हा कधी आली नव्हती. आजच्या पत्रिकेवर छापलं आहे: अध्यक्ष, मा. उकंडराव, आणि कंसात "मौन". ठळक अक्षरांत.

धम्मरत्न सर म्हणाले, तुम्ही स्टेजवर असलात की शोभा येते आणि कार्यक्रम वेळेवर संपतो. या दोन गोष्टी एकत्र गावात आजवर जमल्या नव्हत्या.

दीपकच्या टेम्पोवर नवी पाटी दिसली: "विज्ञान दिनी तपासलेलं वरण". वडनेर भोलजीची ऑर्डर परत मिळाली म्हणे. कोकिळेला बरं वाटलं. मलाही. म्हणजे, मला काही वाटलं नाही.

९ मे

परवा रंगरावच्या धाकट्या मुलीचं, राखीचं लग्न. तेच कार्यालय, आचारी दीपकच. अश्विनीही येणार आहे.

आता पाहतोच. वरण पातळ असणार. मी बोलो न बोलो, पातळ प्रवृत्ती पातळच राहते. ठरवलं आहे: मुद्दाम शेवटच्या पंगतीत बसायचं. चष्मा न लावता ताटावरचं नाव वाचायचं. मग भर पंगतीत नुसतं बोट दाखवायचं. बोट म्हणजे माईक नव्हे. संपूर्ण गावाला न बोलता कळेल की फेब्रुवारीत मी काय म्हणत होतो.

११ मे

अक्षता पडल्या. माईक माझ्यासमोर होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. रंगराव म्हणाला, "चला, पंगत बसवा."

शेवटच्या पंगतीत बसलो. दीपक स्वतः वाढायला आला. पातेलं तळापासून ढवळलं. वरण वाढलं आणि उभा राहिला.

अश्विनी शेजारीच जेवत होती. माझ्या ताटाकडे पाहून हळूच म्हणाली, "मोठे बाबा, तोच मालक, तोच आचारी, तेच कार्यालय, तेच पाव्हणे. डाळबी तेवढीच, मी इचारलं. सगळं तसंच ठेवलं. फक्त एक गोष्ट काढून घेतली."

कोणती, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पलीकडच्या पंगतीतून कोकिळा माझ्याकडे पाहत होती.

चष्मा लावला. पुसून पुन्हा लावला. ताटावरचं नाव दिसलं नाही.

वरण घट्ट होतं. आणखी मागितलं. बोटानं.